फॉर-ऑफ की फॉर-ईच? जावास्क्रिप्टच्या ॲरेवर लूप फिरवताना

फॉर-इन आधीच बाजूला ठेवू. तो ऑब्जेक्टच्या कीजसाठी आहे. ॲरेवर चालवला तर इंडेक्स आकडा म्हणून न येता स्ट्रिंग म्हणून येतो, आणि शून्यात एक मिळवायला जावे तर हाती ‘०१’ पडते.

खरी निवड फॉर-ईच आणि फॉर-ऑफ यांच्यात. फॉर-ईच २००९ च्या ईएस-५ मधला (ईएस म्हणजे एक्मास्क्रिप्ट, जावास्क्रिप्टचे मानक), फॉर-ऑफ २०१५ च्या ईएस-६ मधला. प्रत्येक घटक फक्त छापायचा असेल तर दोन्ही सारखेच. फॉर-ईच इंडेक्स आपणहून देतो. फॉर-ऑफमध्ये त्यासाठी ॲरेची एंट्रीज ही मेथड वापरावी लागते.

फरक कळतो तो मध्येच थांबायची वेळ आली की. फॉर-ऑफमध्ये ब्रेक लिहिले की काम झाले. फॉर-ईचला ब्रेक चालत नाही. रिटर्न लिहिलेत तर तेवढा एक फेरा संपतो, पुढचे चालूच राहतात.

अवेटच्या (काम पूर्ण होईपर्यंत थांबवणाऱ्या शब्दाच्या) बाबतीत तर जपूनच राहावे, कारण तिथे चूक दिसतही नाही. समजा, दहा फाइल्स एकामागून एक अपलोड करायच्या आहेत आणि शेवटी ‘झाले’ असा संदेश दाखवायचा आहे. फॉर-ईचच्या फंक्शनला असिंक (म्हणजे आत अवेट चालेल असे) करून आत अवेट लिहिले, तर दहाही अपलोड जवळपास एकदम सुटतात आणि एकही पूर्ण व्हायच्या आत ‘झाले’ झळकते. फंक्शनने परत दिलेल्या प्रॉमिसकडे, म्हणजे पुढे पूर्ण होणाऱ्या कामाच्या निकालाकडे, फॉर-ईच बघतच नाही. एखादा अपलोड फसला तर बाहेरच्या ट्राय-कॅचलाही पत्ता लागत नाही. असिंक फंक्शनमध्ये तेच काम फॉर-ऑफने केले तर प्रत्येक फाइल आपली पाळी येईपर्यंत थांबते. सगळे एकदमच सोडायचे असतील तर मॅपने प्रॉमिसेसचा ॲरे करावा आणि ती सगळी पूर्ण होण्याची वाट बघणाऱ्या प्रॉमिस-ऑलवर अवेट लावावे.

मॅपची जागा तीच: नवा ॲरे हवा असेल तेव्हा. परत आलेला ॲरे वापरायचाच नसेल तर मॅप लिहू नये. वाचणारा उगाच त्याचा उपयोग शोधत बसतो.

जुना, इंडेक्स मोजत जाणारा फॉर मी एका कामासाठी आवर्जून ठेवतो: त्याच ॲरेतून स्प्लाइसने घटक काढताना. पुढून काढत गेलो तर मागचे घटक एक घर पुढे सरकतात आणि एक तपासायचा राहून जातो. फॉर-ऑफ आणि फॉर-ईचमध्येही हेच घडते. शेवटाकडून उलटे मोजत आलो तर कोणी सुटत नाही. मूळ ॲरे तसाच राहिला तरी चालणार असेल, तर हवे तेवढेच घटक नव्या ॲरेत देणारा फिल्टर त्याहून सोपा.

वेगासाठी जुना फॉर घ्यायचा असेल तर आधी मोजून पाहा. शे-दोनशे घटकांच्या यादीत हा फरक जाणवत नाही.