श्रीयंत्राचा एलईडी दिवा: त्राटकासाठी घ्यावा का?

इंदूरच्या बाजारात श्रीयंत्र आता तीन रूपांत दिसतं. राजवाड्याच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत ठशाने उठवलेला पातळ तांब्याचा पत्रा, त्याच दुकानांत कोरून काळा रंग भरलेला जाड पत्रा, आणि ऑनलाइन येणारा ॲक्रिलिकचा एलईडी दिवा. दिव्याच्या खोक्यावर ‘मशरूमशिवाय सायकेडेलिक अनुभव’, ‘तंत्रोपचार’, ‘सर्वरोगहर’ असं बरंच काही छापलेलं. (सायकेडेलिक म्हणजे भान बदलणारा, नसलेलं दाखवणारा.) देवघरात काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. इथे विचार फक्त त्राटकाचा, म्हणजे एका बिंदूवर नजर स्थिर ठेवायच्या साधनेचा.

आधी दिवा. ॲक्रिलिकच्या पाटीवर लेझरने कोरलेल्या रेघा, खाली बैठकीत रंगीत एलईडी आणि सोबत छोटा रिमोट. अंधारात लावला की यंत्र हवेत तरंगल्यासारखं दिसतं, आणि गिऱ्हाईक तिथेच पाघळतं. पाच मिनिटं समोर बसलं की दोष कळतात. उजेड खालून येतो, म्हणून खालच्या रेघा भगभगीत आणि वरच्या फिक्या. पाटीची कडसुद्धा उजळते, त्यामुळे नजर यंत्राच्या मधोमध असलेला बिंदू सोडून कडेला पळते. लेझरची रेघ जाड असल्याने मधले त्रिकोण एकमेकांत मिसळून नुसता उजेडाचा डाग उरतो. यंत्राच्या बाहेरून आत येणाऱ्या नऊ आवरणांपैकी, म्हणजे थरांपैकी, सातवं, आठ त्रिकोणांचं, त्याचं नाव सर्वरोगहर. खोक्यावरचा शब्द तिथूनच उचललाय, आणि दिव्यात नेमके तेच आठ त्रिकोण धड दिसत नाहीत!

खरी काळजी रिमोटची. त्यावर फ्लॅश, स्ट्रोब, फेड, स्मूद अशी चार बटणं असतात. सेकंदाला साधारण आठ ते तेरा वेळा उघडझाप करणारा उजेड मिटलेल्या डोळ्यांवर पडला तर पुष्कळांना भौमितिक आकृत्या दिसतात. ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने 1940च्या दशकातच हे नोंदवलं होतं. यात तंत्र नाही, मंत्र नाही, दृष्टीच्या मज्जासंस्थेचा प्रतिसाद आहे. हाच लुकलुकता उजेड प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला फिट आणू शकतो. सेकंदाला 15 ते 25 झापा सर्वांत धोक्याच्या. आपल्याला असा त्रास आहे हे काहींना पहिल्या फिटनंतरच कळतं. खोक्यावर ना झापांचा वेग लिहिलाय, ना सावधगिरीची एक ओळ. दिवा घरात आलाच असेल तर एकच स्थिर रंग लावा आणि रिमोट मुलांच्या हाती देऊ नका.

सायकेडेलिकचा दावा अगदीच हवेतला नाही, पण अर्धाच आहे. हाइनरिक क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात मेस्कलिन या भ्रमकारी द्रव्याच्या अनुभवांतल्या आकृत्यांची वर्गवारी केली: जाळी, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि सर्पिल. लुकलुकत्या उजेडातही याच जातीच्या आकृत्या येतात. मशरूममधलं द्रव्य म्हणजे सायलोसायबिन. त्याचं काम मात्र आकृत्यांवर थांबत नाही. ते मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या 2ए ग्राहीवर काम करतं, असर चार ते सहा तास राहतो, काळाचं आणि ‘मी’पणाचं भान बदलतं. उपचारात त्याआधी रुग्णाची छाननी असते, शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, नंतर त्यावर बोलणं होतं. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी ते देता येतं. आपल्याकडे अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा, 1985 आडवा येतो. दिव्यातून मिळतात फक्त आकृत्या. त्यांच्या भरवशावर नैराश्याच्या गोळ्या बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता पत्रे. पातळ पत्रा घेऊच नका. तो वाकतो, वाकला की चमक जागा बदलते आणि डोळा त्या चमकेमागे जातो. जाड, कोरीव पत्रा चांगला, पण दुकानातच तपासून घ्या. मोठे त्रिकोण नऊ हवेत, पाच एका दिशेचे, चार उलट. त्यातल्या सर्वांत मोठ्या दोघांची तिन्ही टोकं वर्तुळाला टेकलेली हवीत. लहान त्रिकोण बाहेरून आत 14, 10, 10, 8 आणि मधला 1, म्हणजे एकूण 43. मग भिंग लावून, जिथे तीन रेघा मिळतात ती ठिकाणं बघा. तिथे एकच टोक हवं. स्वस्त मालात तिसरी रेघ हटकून चुकते आणि एक चिमुकला फालतू त्रिकोण तयार होतो. तीन इंची पत्र्यात हे दिसतच नाही, म्हणून सहा इंचाखाली जाऊ नका. घासताना चिंच चालते, पण नंतर पाण्याने खळखळून धुवा आणि लगेच पुसा, नाहीतर खोबणीत हिरवं चढतं. लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारलेला असेल तर चिंचही नको. लॅकर खपलीसारखा निघतो आणि पत्रा चट्ट्याचट्ट्यांनी काळा पडतो.

बसायची रीत सोपी आहे. बिंदू डोळ्यांच्या उंचीवर, अंतर दोन-अडीच फूट, उजेड आपल्या पाठीमागून आणि तिरपा. सुरुवातीला एक मिनिट बघा, डोळे मिटा, आतली प्रतिमा विरेपर्यंत थांबा. अशा तीन फेऱ्या पुरेत. हठयोगप्रदीपिकेत डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघायला सांगितलंय, पण पहिल्याच दिवशी तो हट्ट नको. काही सेकंदांत यंत्राच्या बाहेरच्या कमळाच्या पाकळ्या नाहीशा झाल्या तर सिद्धी समजू नका. स्थिर नजरेत कडेचं दिसेनासं होतं, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने 1804मध्येच लिहून ठेवलंय. मिट्ट अंधारात दिव्याचा बिंदू सरकतो तोही डोळ्यांचाच खेळ. काचबिंदू, नुकतंच झालेलं डोळ्यांचं ऑपरेशन, फिट्स किंवा मनोविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.

मिटल्या डोळ्यांआड सर्वांत ठसठशीत प्रतिमा येते ती पांढऱ्यावर काळ्या रेघांची. तांब्यावर तेवढा उठाव मिळत नाही, दिव्यात रेघच फुटते. तेव्हा त्राटकापुरतं विचाराल तर अचूक आकृती शोधा आणि ए-4 मॅट कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. प्रिंटवाल्याला लॅमिनेशन नको हे आधीच बजावून ठेवा, न विचारता करून देतात.