फ्लोरेन्समध्ये भाड्याच्या खोलीसाठी झालेली माझी फसवणूक

फ्लोरेन्स विद्यापीठात वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हापासून सांगलीच्या आमच्या घरात रोज चर्चा व्हायची ती खोलीची. इटलीच्या विद्यार्थी व्हिसासाठी तिथे राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. म्हणजे जे शहर अजून डोळ्यांनी पाहिलेलेही नाही, तिथल्या घराचा कागद अर्ज करण्यापूर्वीच हातात हवा. भामट्यांचा धंदा चालतो तो याच घाईवर.

विद्यार्थ्यांच्या एका गटात मला आर्नो नदीच्या दक्षिणेकडील ओल्त्रार्नो या जुन्या कारागीर वस्तीतील एका खोलीची जाहिरात दिसली. भाडे महिना ४२० युरो होते. घरमालकीण म्हणवणाऱ्या बाईंनी माझ्या प्रत्येक प्रश्नाला इतक्या मायेने उत्तरे दिली की, आईने त्यांच्यासाठी चकल्यांचा डबा बांधायचेही ठरवून टाकले होते. पाठोपाठ इटालियन भाषेतील करारनामा आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत आली. पहिल्या महिन्याचे भाडे आणि दोन महिन्यांची अनामत मिळून १,२६० युरो मागितले होते. इटलीत तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेता येते, हे मी आधी वाचले होते. त्यामुळे मागणीत वावगे काही वाटले नाही. बँक खात्याचा क्रमांक मात्र ‘आयटी’ऐवजी ‘ईएस’ या अक्षरांनी सुरू होत होता. विचारल्यावर, सध्या नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असते, असे उत्तर आले आणि आम्ही ते मान्य केले. बाबांनी बँकेत जाऊन फॉर्म भरला, शुल्क धरून एक लाख पंधरा हजार रुपयांच्या आसपास रक्कम गेली. पुढे त्याच करारनाम्यावर व्हिसाही मिळाला, आणि सरकारी अर्जात चाललेला कागद खोटा कसा असेल, या समजुतीने आम्ही निर्धास्त झालो.

सप्टेंबरमध्ये दोन बॅगा ओढत मी त्या पत्त्यावर पोहोचले. पत्त्यात घर क्रमांकापुढे ‘आर’ असे एक अक्षर होते, ते खोलीचे नाव असावे असे मी धरून चालले होते. त्या क्रमांकावर लाकडी चौकटी तयार करणाऱ्याचे दुकान होते. दारात भुसा पडलेला, आत सरसाचा वास. त्या वृद्ध कारागिराने माझा कागद वाचला, मला बाहेर नेले आणि भिंतीवरील लाल आकड्यावर बोट ठेवले. फ्लोरेन्समध्ये दुकानांचे क्रमांक लाल आणि घरांचे काळे किंवा निळे असतात, दोन्हींची मोजणी वेगवेगळी चालते, आणि ‘आर’ म्हणजे ‘रोस्सो’, अर्थात लाल. त्याच आकड्याचे घर बरेच पुढे होते. तिथेही गेले, बेलच्या पाट्यांवर ते आडनाव नव्हते. संदेशांना उत्तर येणे तर तोपर्यंत बंदच झाले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गातील एका इटालियन मुलीला सोबत घेऊन मी काराबिनिएरी या इटालियन पोलीस दलाच्या ठाण्यात तक्रार नोंदवली. तिथल्या अधिकाऱ्याने करारनामा उलटसुलट पाहिला आणि घरमालकिणीच्या ‘कोदिचे फिस्काले’ या १६ अक्षर-अंकी कर क्रमांकाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. या क्रमांकात जन्मतारीख दडलेली असते, आणि स्त्रियांच्या बाबतीत तारखेत ४० मिळवून आकडा लिहितात. १४ तारखेला जन्मलेल्या स्त्रीच्या क्रमांकात ५४ येतात. आमच्या कागदावर नुसते १४ होते. तो क्रमांक कुणा पुरुषाच्या नमुन्याचा होता. मी तो करारनामा व्हिसासाठी चार वेळा छापला होता, एकदाही वाचला नव्हता.

बाबांनी भारतात १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली आणि बँकेकडून रक्कम परत मागवण्याची विनंतीही पाठवली, परंतु पैसे समोरच्या खात्यात जमा होऊन दोन महिने उलटले होते. शंका येताच, त्याच दिवशी हे केले असते तर निदान काही आशा तरी असती.

जाणाऱ्यांनी एवढे विचारावे, की करार इटलीच्या कर खात्याकडे कोण आणि कधी नोंदवणार. ३० दिवसांच्या आत ही नोंदणी करायची असते. युरोपीय संघाबाहेरच्या व्यक्तीला घरात ठेवल्यास ४८ तासांत पोलिसांना कळवावे लागते, तेही कोण कळवणार, हे विचारावे. खऱ्या मालकाला या प्रश्नांचा राग येत नाही. मला पुढे रिफ्रेदी भागात जागा मिळाली, तिथल्या आजींनी तर मी विचारण्याआधीच नोंदणीचा कागद टेबलावर ठेवला. पैसे देण्याआधी त्या शहरात शिकणाऱ्या कुणालाही पत्त्यावर जाऊन बेल वाजवायला सांगावे. आपली मराठी मुले इथे आहेत, आणि अर्ध्या तासाच्या कामाला नाही म्हणणारे मला तरी भेटले नाहीत.

गेल्या आठवड्यात तीच खोली पुन्हा जाहिरातीत दिसली. तीच निळी चादर, खिडकीतील तीच कुंडी. भाडे ३८० युरो, रस्ता वेगळा आणि क्रमांकापुढे पुन्हा ‘आर’.