हंटर ३५० घेतली, पण ऑफिसला नेत नाही: रिव्ह्यू म्हणा नाहीतर हिशोब म्हणा

रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० या बाइकचे रिव्ह्यू नेटवर ढिगाने पडलेत, त्यात आणखी एक कशाला असं वाटेल, पण आमच्या घरी जो प्रश्न सगळ्यात आधी निघाला तो त्यातलं कुणी घेतच नाही. आई म्हणाली, "अरे चाळिशी उलटली तुझी, दारात कार आहे, आता हे काय खूळ?" बायको तर काही बोललीच नाही, टर्म इन्शुरन्सचा हप्ता भरलायस ना एवढंच विचारलं, आणि तेच जास्त लागलं. तर हा रिव्ह्यू त्या प्रश्नाचा. धोका आहे हे धडधडीत दिसत असताना ही वस्तू घ्यावी का. मायलेज किती देते ते हवं असेल तर दुसरीकडे बघा.

आधी गाडीचं पटकन उरकतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेली गाडी, कंपनीच्याच क्लासिक आणि मिटिऑर या बाइकमध्ये आहे तेच ३४९ सीसीचं इंजिन, २०.२ बीएचपी, २७ एनएम, वजन १८१ किलो, म्हणजे क्लासिकपेक्षा चौदा-एक किलो कमी. सीट ७९० मिलिमीटरवर, त्यामुळे माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय नीट टेकतात, आणि सिग्नलला तिरप्या रस्त्यावर उभं राहायचं असतं तेव्हा याची किंमत कळते. २०२५ च्या मॉडेलला मागचं सस्पेन्शन बदललं, स्लिप-असिस्ट क्लच आला, एलईडी हेडलाइट आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. माझी त्यानंतरची. क्लच खरंच हलका आहे, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा हात दुखत नाही.

टॉप स्पीड कंपनीच ११४ सांगते. यावर तरुण पोरं हसतात, त्या पैशात दीडशे पळणाऱ्या गाड्या येतात काका म्हणून. येतात ना. पण मला हीच गोष्ट आवडली, कारण या गाडीची सगळी मजा ५० ते ८० मध्ये आहे, घाटात तिसऱ्या गिअरला टाकली की खालूनच ओढते, पिळावी लागत नाही. ज्या गाडीला मजा यायला १२० लागतं ती आपल्या रस्त्यावर कुठे चालवणार, एक्सप्रेस-वेवर टू-व्हीलरला बंदी, समृद्धीवरही बंदी.

आता मुद्द्याचं. सरकारचाच २०२२ चा अहवाल आहे, देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घालता गेलेली ५०,०२९, त्यात मागे बसलेली चौदा हजारांवर. हे आकडे वाचून दोन प्रकारचे लोक दोन टोकाच्या गोष्टी बोलतात, एक म्हणतो बाइक म्हणजे मरण, दुसरा म्हणतो जायचं असेल तर माणूस पलंगावरूनही पडून जातो. दोघांनाही हिशोब करायचा कंटाळा आहे असं माझं मत. दुचाकीवर गेलेल्यांमधले साधारण तीनात दोन बिनहेल्मेटचे आहेत, म्हणजे सगळा धोका नशिबावर नाही, बराचसा आपल्या हातातला आहे. पण सगळा हातात आहे असंही नाही, हे हेल्मेट घालून फुशारक्या मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गाडी कितीही महागाची घ्या, तुमचा क्रम्पल झोन, म्हणजे कारमध्ये धडकेचा मार स्वतः चेपून घेणारा भाग, इथे तुमचीच नडगी.

मला या सगळ्यात उमगलेली गोष्ट ही की धोका गाडीत कमी आणि किलोमीटरमध्ये जास्त आहे, आणि सगळे किलोमीटर सारखे नसतात. माझं घर धायरीला, ऑफिस हिंजवडीला. म्हणजे रोज नवले पुलापासून हायवे धरायचा, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड. पुणेकरांना नवले पूल म्हटल्यावर पुढे सांगायची गरज नाही, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार, डिझेल वाचवायला काही ट्रकवाले न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापतात, आणि खाली आपण उभे. तिथे तुम्ही किती छान चालवता याला काही अर्थ नाही. मागून येणाऱ्याच्या ब्रेकवर तुमचं सगळं अवलंबून. बरं त्या प्रवासात आनंद तरी काय, तर काही नाही, पुढच्या पीएमपी बसचा धूर, डावीकडून घुसणारी रिक्षा, सर्व्हिस रोडला रॉंग साइडने येणारे आणि वर आपल्यालाच हॉर्न मारणारे. धोका जास्तीत जास्त आणि मजा शून्य. असा व्यवहार कोण करेल? पण गंमत बघा, बहुतेक लोक नेमका हाच करतात, बाइक घेतात हौसेने आणि झिजवतात ऑफिसच्या रस्त्यावर, वर्षातून एकदा गोवा किंवा कोकण.

मी ऑफिसला कंपनीच्या बसने जातो. गाडी आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मित्र म्हणतात मग घेतलीस कशाला. ऑफिससाठी नाहीच, रविवारसाठी घेतली, बाबा.

आणि हे माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाचे एक संशोधक होते, त्यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले, १९८१ ला अहवाल आला. जुना आहे, तिकडचा आहे, तरी त्यातल्या गोष्टी वाचून वाटतं माणूस कोथरूडला राहून गेला की काय. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांमध्ये बहुतेक वेळा समोरचा बाइकवाल्याच्या वाटेत घुसलेला, आणि त्याचं म्हणणं ठरलेलं, मला दिसलाच नाही. अपघाताची शक्यता छोट्या फेऱ्यांमध्ये, घरातून निघाल्यानंतरच्या थोड्याच अंतरात जास्त. आणि ९२ टक्के लोक गाडी आपापली किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आपल्याकडे वेगळं काय आहे, मामाच्या स्प्लेंडरवर मैदानात दोन चकरा आणि मग आरटीओला आठचा आकडा, संपलं शिक्षण. म्हणून सांगतो, ताम्हिणी घाटात जाताना अंगावर चिलखत आणि कोपऱ्यावरून दूध आणायला चप्पल-बर्म्युडा हे जे चालतं ना, ते उलटं आहे. दूध आणायला मी चालत जातो.

ताम्हिणी सेफ आहे असं म्हणत नाही, गैरसमज नको. पावसाळ्यात तर शनिवार-रविवार जाऊच नये, वळणावर कार लावून धबधब्यात नाचणारी जनता, धुकं, माकडं, आणि पाऊस संपला की वळणांच्या आतल्या बाजूला वाहून आलेली बारीक वाळू, जी रंगाने रस्त्यासारखीच दिसते आणि टायर वर गेल्यावरच कळते. पण फरक असा की तिथे वेग माझ्या हातात आहे, वेळ माझ्या हातात आहे, आणि नको वाटलं तर पौडलाच मिसळ खाऊन परत फिरता येतं. रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघालं की भूगाव, पिरंगुट उठायच्या आत पार होतं. मुळशीच्या पाण्याच्या कडेने पुढे गेल्यावर जी वळणं लागतात तिथे दुसरं काही डोक्यात येऊच शकत नाही, पुढचं वळण, गिअर, नजर कुठे, बस. आठवडाभर ज्या एका मेलवरून डोकं खाल्लेलं असतं तो मेल तिथे आठवत नाही. मला हेच हवं होतं आणि ते कारमध्ये मिळत नाही, कारण कार चालवताना मी मनातल्या मनात त्या मेलला उत्तरं देत असतो.

बरं, ब्रेक. ब्रेकच्या हिशोबाने हंटरचे दोन प्रकार, रेट्रो आणि मेट्रो. रेट्रोला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, इथे फक्त पुढच्या चाकाला), मेट्रोला दोन्हीकडे डिस्क, पुढे ३०० आणि मागे २७० मिलिमीटरची, आणि ड्युअल चॅनल, म्हणजे एबीएस दोन्ही चाकांना. शोरूममध्ये बहुतेक बोलणं रंगावरून चालतं, माझं ऐका, रंग कुठलाही घ्या, मेट्रो घ्या. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे समोर काही दिसून हात हलेपर्यंतच १७ मीटर गेले, आणि मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून वीसेक. ८० ला हेच मिळून साठच्या आसपास जातं, पटापट पायऱ्या चढल्यासारखं वाढत नाही, कडा चढल्यासारखं वाढतं. हे कागदावर वाचून काही होत नाही. सोसायटीच्या मागे एक नवीन झालेला, अजून न उघडलेला रस्ता आहे, तिथे मी ४० ला नेऊन दोन्ही ब्रेक जोरात दाबायची सवय केली. पहिल्यांदा एबीएस चालू होतो तेव्हा पायाखालचं पेडल टकटक टकटक करून पाय ढकलतं, आणि माणूस दचकून ब्रेक सोडतो. सोडायचा नाही. दाबून धरायचा, आणि नजर वर. हे शरीराला कळायला वेळ लागतो, ट्रकसमोर पहिल्यांदा कळून उपयोग नाही.

हेल्मेटवर थोडं जास्त बोलणार. १ जून २०२१ पासून देशात बिनआयएसआय दुचाकी हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली हेल्मेटं तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलीत, स्टिकर आयएसआयचं आणि आतला थर्माकोल अंगठ्याने दबतो. ते डोक्यासाठी नसतं, पोलिसासाठी असतं. मी गेलो होतो ते दुकान मोठं होतं, तिथला माणूस मला आग्रहाने एक साइज मोठं देत होता, "साहेब हे आरामशीर बसतंय." आरामशीर नकोच. नवीन हेल्मेट गालाला असं घट्ट हवं की बोलताना गाल आतून दाताखाली येतात, कारण आतलं कापड पुढे दबून सैल होतंच. घालून, पट्टा लावून, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवा, कपाळाची कातडी बरोबर फिरली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरलं तर ठेवा परत. मागून वर ढकलून निघतं का तेही बघा. बजेट असेल तर ईसीई २२.०६ या युरोपियन मानकाचं घ्या, त्यात डोक्याला पीळ बसतो तशा धक्क्याचीही चाचणी असते.

जॅकेटचं एकच सांगतो, पाठीच्या कप्प्यात हात घालून बघा. कोपर-खांद्याला सीई (युरोपियन मानक) लेव्हल २ चं आर्मर, म्हणजे धक्का शोषणारं पॅड, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि पाठीला नुसता फोमचा तुकडा निघतो, मला दुकानात दोन कंपन्यांच्या जॅकेटमध्ये असंच सापडलं. पाठीचं वेगळं विकत घ्यावं लागतं. बूट घोट्याच्या वर, ग्लोव्हज तळव्याला स्लायडर, म्हणजे पडल्यावर घसरणारा कडक तुकडा, असलेले. हे सगळं मिळून खिशाला चांगलंच लागतं, आणि म्हणून बजेट ठरवताना गाडीच्या ऑन-रोड किमतीत हे धरूनच ठरवा, त्यात बसत नसेल तर खालची गाडी घ्या. क्रोमचा क्रॅशगार्ड आणि टुरिंगची पेटी पुढच्या वर्षी.

पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं, त्यावर विसंबू नका, कर्ज आणि मुलं असतील तर टर्म प्लॅन वेगळा हवाच. बायकोचा प्रश्न बरोबर होता.

ती अधूनमधून मागे बसते, हेल्मेट-जॅकेट-बूट सगळं घालून, आणि मुळशीच्या पुढे येत नाही. मुलीला मी नेत नाही, तिने अठरानंतर स्वतःचं काय ते ठरवावं. हे माझ्यापुरतं झालं. ज्यांना बाइकशिवाय कामावर जायचा दुसरा मार्गच नाही, त्यांना घ्यावी का विचारायची चैन नसते, त्यांच्यासाठी ब्रेक आणि हेल्मेटवाला भाग पुरे. आणि गाडी हातात आल्यावर आपला हात आपोआप थ्रॉटल पिळतो हे ज्याला स्वतःबद्दल माहीत आहे, त्याने हंटर काय, कुठलीच घेऊ नये.

शेवटचं, टेस्ट राइड. शोरूमवाले रविवारी सकाळी बोलावतात, रस्ते मोकळे असतात, कुठलीही गाडी छान वाटते. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मागा आणि वारज्याच्या पुलाखालून फिरवून आणा. तरीही घ्यावीशी वाटली तर घ्या.