एफ-३५ की सुखोई-५७? आधी विचारा, कुणाच्या रानात पाहिलं?

परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे पळायला येणारी पोरं पळून झाली की माझ्याभोवती बसतात. कुणाची एनडीएची तयारी, कुणाची एसएसबीची, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीची. मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो, म्हणून विमानांचे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. सध्या एकच विषय आहे: गटचर्चेत 'भारतानं अमेरिकेचं एफ-३५ हे लढाऊ विमान घ्यावं की रशियाचं सुखोई-५७' असं आलं तर बाजू कोणती घ्यायची? फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही विमानं बेंगळुरूजवळ येलहंकाला एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात दिसली, त्याच आठवड्यात ट्रम्प यांनी एफ-३५ देऊ केलं, आणि वाद पेटला तो पेटलाच.

आपल्याकडे सरकीचं नवं वाण आलं की जाणता शेतकरी पाकिटावरच्या बोंडाला भुलत नाही. तो विचारतो, कुणाच्या रानात पाहिलंस? पाण्याखालच्या की कोरडवाहू? मी विमानालाही हेच विचारतो.

एफ-३५ निदान मे २०१८ पासून लढाईत आहे. पहिला वापर इस्रायलनं केल्याचं त्यांच्याच हवाई दलप्रमुखांनी जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं ते अफगाणिस्तानात वापरलं. पण तालिबानकडे ना रडार होतं, ना विमानं. ते पाण्याखालचं रान झालं. जून २०२५ मध्ये इराणवर झालेले हल्ले ही त्याहून अवघड परीक्षा होती. एफ-३५ पाडल्याचा दावा इराणनं केला, पुरावा मात्र दाखवला नाही. तरी तिथलंही हवाई संरक्षण इस्रायलनं आधीच बरंच खिळखिळं केलेलं होतं, हे विसरू नका. बरोबरीच्या हवाई दलाशी समोरासमोर झुंज या विमानाच्या खात्यावर अजून नाही.

सुखोई-५७ पहिल्यांदा उडालं जानेवारी २०१० मध्ये. २०१८ मध्ये दोन विमानं सीरियात गेली, थोड्याच दिवसांत परत आली. युक्रेन युद्धात त्याचा वापर मुख्यतः रशियाच्याच हद्दीतून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं सोडण्यापुरता झाल्याचं ब्रिटिश संरक्षण खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं होतं. जे विमान शत्रूच्या रडारला दिसत नाही म्हणून विकलं जातं, त्याला शत्रूच्या हद्दीपासून एवढं जपावं लागत असेल, तर माझी शंका तिथेच सुरू होते. या प्रकल्पात आपणही भागीदार होतो, आणि २०१८ मध्ये बाहेर पडलो.

आता जो मुद्दा पोरं दोन वाक्यांत उडवतात, त्यावर मी अडून बसतो. विमान दिवसातून किती वेळा उडू शकतं?

शेवटची सॉर्टी (उड्डाण) उतरली की आमचं खरं काम सुरू व्हायचं. पॅनेल उघडायचं, जोडीदारानं टॉर्च धरायची आणि हायड्रॉलिकच्या नळीच्या जोडावरून बोट फिरवायचं. बोटाला लालसर तेल लागलं की ते विमान सकाळच्या यादीतून गेलं. काम संपलं की पेटीतली हत्यारं मोजायची. एकदा एक छोटा पाना कमी भरला. तो पहाटे एका खाचेत सापडला, तोवर विमानाला कुणी हात लावू दिला नाही. ही साध्या विमानाची गोष्ट. रडारपासून लपणाऱ्या विमानात पॅनेल उघडलं की वरचा लेपही पुन्हा नीट बसवावा लागतो.

अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांनी मार्च २०२३ ची स्थिती दिली आहे: मोहिमेला तयार असलेली एफ-३५ जेमतेम ५५ टक्के. १४ जून २०२५ ला ब्रिटिश नौदलाचं एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं, हायड्रॉलिकचा बिघाड निघाला, आणि ते परत उडालं २२ जुलैला. ब्रिटनहून पथक यावं लागलं. नळीच्या जोडावर बोट फिरवलेल्या माणसाला ही बातमी लागते. सुखोई-५७ बद्दल मात्र रशिया असे आकडे मांडतच नाही. दोष उघड सांगणारा विक्रेता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पण किल्ली कुणाकडे? तुर्कस्तान एफ-३५ च्या प्रकल्पात भागीदार होतं. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली म्हणून जुलै २०१९ मध्ये त्याला काढलं. एस-४०० आपल्याकडेही आहे, आणि मे २०२५ मध्ये आपण ती वापरली. ती सोडून एफ-३५ घेणं मला अजिबात पटत नाही. इथे सुखोईची बाजू जड आहे. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० बांधलेले हात आपल्याकडे आहेत.

ऑपरेशन सिंदूरचं विचाराल तर पोरांचा आवाज चढतो. पाकिस्ताननं राफेलसह सहा विमानं पाडल्याचा दावा केला. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये नुकसान झाल्याचं मान्य केलं, सहाचा आकडा साफ नाकारला आणि का पडलं हे महत्त्वाचं, असं सांगितलं. मला ते मनापासून पटलं. विमान एकटं लढत नाही. लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र, मागून टेहळणी करणारं विमान आणि त्यांच्यातला संदेशांचा दुवा मिळून लढतात. पाकिस्ताननं डागलेल्या पीएल-१५ या चिनी क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबात होशियारपूरकडे सापडले, ते त्याच साखळीचे तुकडे.

म्हणून गटचर्चेत माझी बाजू अशी असेल: विमान म्हणून एफ-३५ सरस, खरेदी म्हणून दोन्ही नकोत. पैसा राफेलच्या संख्येत आणि एएमसीए या आपल्या स्वदेशी लढाऊ विमानाच्या प्रकल्पात घालावा. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये गेल्यावर ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी (लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी) २९ उरल्या आहेत, त्यामुळे "थांबा" म्हणणं मलाही जड जातं.

परीक्षकानं "एकच निवड" म्हणून अडवलं, तर चाचणी मागा. राफेल आपण असंच घेतलं नव्हतं. स्पर्धेतली सहा विमानं आपण बेंगळुरूच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या विरळ हवेत तपासली होती. या दोघांची अशी चाचणी आपण घेतलेलीच नाही. आधी मे महिन्यात जैसलमेरला महिनाभर उभी करा, आपले वैमानिक आणि आपले तंत्रज्ञ लावा, आणि रोज सकाळी किती विमानं तयार मिळतात ते फळ्यावर लिहा.