काळ्या रानातल्या चिखलासाठी पीव्हीसी गमबूट : वापरून बघितलेत, घ्या

आम्ही मोहोळ तालुक्यात वस्तीवर राहतो, डांबरी सोडली की घरापर्यंत सगळी काळी माती. मुरमाड रानात पाऊस उघडला की थोड्या वेळात माणूस चालू शकतो, इथं माती पाणी पिऊन फुगते आणि पावलागणिक चपलेला थर चढत जातो, पाय उचलला तर चपल खालीच राहते. त्यात सोलापुरात जास्तीचा पाऊस सप्टेंबरात, म्हणजे ऐन ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर, आणि दूध तर रोज डेअरीला घालावंच लागतं.

म्हणून यंदा सोलापूरहून दोन जोड आणले, एक ह्यांना एक मला, चारशेच्या आसपास एक जोड. पैसे वसूल आहेत. पण घेताना बूट उलटा करून तळ बघाच. ह्यांच्या बुटाच्या गुट्ट्या, म्हणजे तळावरचे उंचवटे, जवळजवळ आहेत, त्यात काळी माती गच्च बसते आणि तळ सपाट होऊन बूट घसरायला लागतो, मग काडीनं कोरत बसायचं. माझ्या गुट्ट्या लांब लांब आहेत, दगडावर टाच आपटली की ढेकूळ सुटून पडतं. किंमत सारखीच, फरक मात्र लय मोठा.

माप अगदी बरोबर घ्या. ढिला बूट चिखलात रुतला की पाय मोकळा बाहेर येतो. रुतलाच तर सरळ वर ओढू नका, टाच जरा फिरवून हवा आत जाऊ द्या मग उचला. माझी खरी तक्रार हीच, दुकानात सहाच्या खालचं माप नव्हतं, मला जाड मोजे घालून भागवावं लागतंय. रानात निम्म्याहून जास्त काम बायका करतात, चार-पाच नंबरचे बूट ठेवायला काय हरकत आहे?

उंची गुडघ्याच्या जरा खाली असलेली बरी, आखूड बुटात पाणी शिरतं. धुतल्यावर सावलीत उलटे टांगा, उन्हात पीव्हीसी कडक होऊन चिरा पडतात. आणि घालायच्या आधी झटकायचेच, विंचू आत बसतो.

गाडीवर घालू नका, गिअर पायाला कळत नाही. तसंही ओल्या वाटेत मडगार्डात चिखल भरून चाक जाम होतं, त्यामुळं आम्ही गाडी डांबरीकडेच्या भावकीतल्या घरी लावतो, तिथं बूट बदलतो आणि वस्तीपर्यंत चालत येतो.