काटोचा एन गेज ट्रेन सेट: ठाण्यात वर्षभर, चारही ऋतूंत चालवून बघितला

गेल्या वर्षी मार्चमध्ये सेट घेतला, आता यंदाचा जून आलाय, म्हणजे एक अख्खं चक्र पूर्ण झालं. म्हटलं आता लिहावं, कारण बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेले पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचूनच मी मागे एकदा फसलो होतो. तो सेट दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा होता, नाव सांगत नाही, पण रूळ लोखंडी पत्र्याचे होते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांना असा गंज चढला की इंजिन दर दोन इंचांवर थांबायचं, बोटाने ढकललं की परत निघायचं, म्हणजे गाडी कमी आणि बैलगाडी जास्त.

तर यावेळी नीट चौकशी करून काटो घेतला. जपानी कंपनी, १९५७ पासूनची, आणि जपानात एन गेजचं पहिलं इंजिन यांनीच १९६५ मध्ये काढलं, सी५० नावाचं वाफेचं. एन गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. आमचा फ्लॅट वन बीएचके, त्यामुळे एचओ वगैरे मोठ्या गेजचा विचारच करू शकत नव्हतो, तिथे रूळच १६.५ मिलिमीटरचा आणि वळणं त्या मानाने मोठी, मग गाडी हॉलमध्ये आणि आम्ही जिन्यात. एन गेजचा माझा ओव्हल, म्हणजे रुळांचा लंबगोल, साधारण ११५ बाय ६६ सेंटिमीटरमध्ये बसतो, चार फूट बाय अडीच फुटाच्या प्लायवर ठेवलाय आणि झालं की पलंगाखाली सरकवतो.

गाडी कुठली घेतली तर ई५ शिंकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, हिरवी, लांब नाकाची. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुरुवातीला हिचंच नाव ठरलं होतं आणि त्या मार्गावर ठाणे स्टेशनही आहे, त्यामुळे मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की ठाण्यात बुलेट ट्रेन आधी माझ्याकडे आली. डेक्कन क्वीन, डब्ल्यूएपी-७ इंजिन असलं काही काटोमध्ये शोधू नका, भारतीय गाड्या ते बनवत नाहीत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तो १:१६० मध्ये, म्हणजे माझी ई५ खऱ्या गाडीच्या जितकी लहान आहे त्या एकशेसाठाव्या भागात, साडेदहा मिलिमीटर होतो, म्हणजे ९ च्या रुळावर आपली गाडी ठेवलीच तरी रूळ अरुंदच दिसणार. शिंकानसेनचा १४३५ मात्र बरोब्बर बसतो.

लेकीबरोबर बसून एक गणित केलं ते सांगतो. खरी ई५ ताशी ३२० किलोमीटरने जाते, त्याला १६० ने भागलं की ताशी २ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५५ सेंटिमीटर. आमचा ओव्हल जवळपास ३ मीटरचा. म्हणजे एक फेरी सव्वापाच-साडेपाच सेकंदांत झाली तर ती खऱ्या वेगाने चाललीये. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तो वेग पकडायला आमचा अख्खा रविवार गेला. आणि खरी पूर्ण दहा डब्यांची गाडी घेतली तर ती दीड मीटरच्या वर जाते, आमच्या प्लायपेक्षा लांब, माझ्याकडे तीनच डबे आहेत ते बरंय.

आता मुद्द्यावर येतो, ऋतू. परदेशातले लोक या छंदाला हिवाळ्याचा छंद म्हणतात, बाहेर बर्फ म्हणून घरात गाडी. आपल्याकडे असं काही नाही, आपल्याला गाडी बारा महिने चालवायचीये आणि त्यातले चार महिने हवा नसून पाणीच असतं.

उन्हाळ्यापासून सुरू करतो. १६ एप्रिल ही आमच्या घरची ठरलेली तारीख, १८५३ मध्ये याच दिवशी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, ३४ किलोमीटर, आणि ठाणेकर म्हणून हे साजरं करणं भागच आहे. त्या दिवशी दुपारी साडेतीनला गाडी सोडायची असं ठरलं. सोडली, आणि दहाव्या मिनिटाला अडखळायला लागली. कारण धूळ. पंखा वरून फुल स्पीडवर, खिडकी उघडी, समोर इमारतीचं काम चालू, रुळांवर बोट फिरवलं तर काळं. याची गंमत अशी की गाडीला वीज रुळांतूनच मिळते, १२ व्होल्ट डीसी, चाकं ती उचलून मोटरला देतात, आणि चाक न् रूळ यांच्यामध्ये घाण आली की बारीक ठिणग्या उडतात, त्याने अजून काळा थर बसतो. उपाय सोपा आहे, मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर थोडं घेऊन पुसायचं, चाकंही पुसायची. पॉलिश पेपर मारू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांत घाण अजून मुरते. बाबांनी सुचवलं चिंच लाव, देव लखलखतात तर रूळ का नाही. नाही लावली.

बाबांचाच दुसरा सल्ला मात्र मी ऐकला आणि पस्तावलो. इंजिन कुरकुरतंय म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडलं, एक थेंब नाही, चांगले चार-पाच. ते ओघळून चाकांवर आलं, तिथून रुळांवर, आणि ई५ जागच्या जागी चाकं फिरवत बसली. तीन दिवस पुसत होतो. तेल टाचणीच्या टोकावर येईल तेवढंच, तेही प्लास्टिकला चालणारं, आणि तेही खरंच आवाज येत असेल तर. हा दोष सेटचा नाही, आमचा. हो, आणि मे महिन्यात प्लाय खिडकीच्या उन्हात ठेवू नका, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

पावसाळा. खरी परीक्षा ही, आणि इथे काटोला पैकीच्या पैकी. यांचे रूळ, ज्यांना ते युनिट्रॅक म्हणतात, निकेल सिल्व्हरचे असतात. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी वगैरे काही नाही, तांबं-निकेल-जस्त, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच, हळदीकुंकवाच्या वाट्यांचं. गंजत नाही. जुलैत आठ दिवस कपडे वाळत नव्हते, भिंतीला पोपडे आले, पण रूळ फडक्याने पुसले की गाडी चालू. जुन्या लोखंडी रुळांचा अनुभव असल्याने मला हे बघून जवळजवळ गहिवरून आलं. रुळाखाली खडीसारखा दिसणारा करडा प्लास्टिकचा बेस असतो आणि तुकडे एकमेकांत टक् करून बसतात, त्यामुळे सगळं पाच मिनिटांत सुटं करून डब्यात भरता येतं. ठाण्यासारख्या ठिकाणी हाच सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे असं माझं मत, कारण जे प्लायवर कायमचं ठोकतात त्यांचे हाल होतात. रूळ उन्हाने किती वाढतात याची सगळ्यांना काळजी, पण मीटरभर रूळ वीस अंशांच्या फरकाने जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर हलतो, खरी हलते ती लाकडाची पाटी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मी दोन ठिकाणी हौसेने स्क्रू मारले होते, ऑगस्टमध्ये तिथेच जॉइंट उचलला गेला.

बाकी सामानाची मात्र वाट लागली. पुठ्ठ्याचं स्टेशन लेकीने बनवलेलं, त्याला बुरशी. ज्यूटच्या सुतळीचं गवत, त्यालाही बुरशी. एका ओळखीच्याने डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या, चुकूनही टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, बस्स. पुड्या औषधांच्या बाटल्यांतून, बुटांच्या खोक्यांतून जमवायच्या, आमच्या घरात आता नवीन चप्पल आली की आधी पुडी माझ्याकडे येते.

कोकण रेल्वे दरवर्षी पावसाळी वेळापत्रक लावते, गाड्या हळू. नेरळ-माथेरानची गाडी, १९०७ पासूनची, पावसात खालून बंद असते, वर अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी. लेकीने हे ऐकलं आणि आमचंही पावसाळी वेळापत्रक फ्रिजवर लावलं, फक्त शनिवार, फक्त चार ते पाच, "पाऊस असल्यास रद्द". बायको म्हणाली वर्षभर हेच ठेवा.

दिवाळीत तर कहर. बिल्डिंगच्या पोरांनी खाली किल्ला केला, माती, दगड, त्यावर अळीव पेरलेले, मावळे, तोफा, सगळं साग्रसंगीत, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की किल्ल्याला बोगदा करून त्यातून गाडी न्यायची. आमच्या आईने वरून गॅलरीतूनच विचारलं, महाराजांच्या काळात रेल्वे कुठे होती रे? त्यावर एका पोराने उत्तर दिलं, आजी, हा घाट आहे, वरती किल्ला जुना आणि खाली गाडी आत्ताची. मला ते इतकं पटलं की मी पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा कंट्रोलर, घेऊन खाली. कंट्रोलर कोरड्या जागी, पार्किंगच्या पायरीवर, वायर लांबवून. चार दिवस बुलेट ट्रेन राजगडाखालून गेली. अळिवावर पाणी शिंपडलं की गाडी थांबायची, रूळ पुसायचे, परत चालू. चिखल गिअरमध्ये गेला असता तर माझं काही खरं नव्हतं, पण डबे उघडून ब्रशने साफ केले आणि निभावलं. हे कंपनीच्या सूचनांत बसत नाही हे मला माहितीये, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर करा.

डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी. हवा कोरडी, पंखा बंद म्हणून धूळ कमी, तासन्तास काही पुसावं लागत नाही. लाइट घालवून चालवा, इंजिनाचा दिवा भिंतीवरून फिरतो. त्याच सुमारास पुण्याला गेलो होतो तेव्हा कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघितलं, १९९८ पासून आहे, तिथे सिग्नलपासून सगळं आपोआप चालतं. बघून येताना लेक गाडीत गप्पच होती, मग म्हणाली, बाबा, आपल्याकडे सिग्नलच नाहीये. झालं, पुढचा खर्च ठरला.

खर्चाचं सांगायचं तर खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे मागवायच्या आधी सध्याचा दर बघा, नाहीतर सेट एवढंच बिल कुरियरवाला हातात ठेवेल. कोणी जपानातून येत असेल तर त्याच्या पाया पडा. पण एक लक्षात ठेवा, तिथे घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तरच आपल्या प्लगमध्ये घाला, नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला कारण डब्यांचे कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे हुक, इतके नाजूक की चष्म्याशिवाय जोडताच येत नाहीत आणि माझा चष्मा दर वेळी दुसऱ्या खोलीत. शनिवारी पाऊस होता म्हणून गाडी रद्द, या शनिवारचं बघू.