मायक्रोसॉफ्ट टीम्समधील बैठकीचे रेकॉर्डिंग : सोय मोठी, मुदत मर्यादित

पुण्यात बसून न्यू जर्सीतील सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांना घड्याळाचे गणित पाठ असते. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर आणि तिकडचे घड्याळ हिवाळ्यासाठी मागे सरकले की साडेदहा तासांचे. त्यामुळे त्यांची सकाळी नऊची बैठक आपल्याकडे कधी संध्याकाळी साडेसहाला, तर कधी साडेसातला येते आणि कोणी ना कोणी गैरहजर राहणार हे गृहीतच असते. मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑनलाइन बैठकांच्या ॲपमधील रेकॉर्डिंगची सोय आमच्या गटात रुळली ती याच कारणाने, आणि म्हणून तिचे मोलही दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता ते रेकॉर्डिंग उघडणाऱ्याच्या बाजूनेच ठरवले पाहिजे.

रेकॉर्डिंग सुरू करणे सोपे आहे. बैठक सुरू असताना मेनूतून पर्याय निवडला की सर्वांना तशी सूचना दिसते. हे काम आपल्या लॅपटॉपवर न होता मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे रेकॉर्डिंग सुरू करणारी व्यक्ती मध्येच बाहेर पडली तरी ते थांबत नाही. बाहेरच्या संस्थेतून पाहुणे म्हणून आलेल्यांना मात्र ते सुरू करता येत नाही. बैठक संपल्यावर फाइल वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीत जाते आणि तिची लिंक बैठकीच्या चॅटमध्ये दिसते. एका तासाला साधारण ४०० एमबी जागा लागते.

या सोयीचे खरे बळ ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे बोलण्याच्या आपोआप तयार होणाऱ्या लेखी मजकुरात आहे. तासाभराची बैठक पुन्हा तासभर पाहण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. वेग दीडपट केला तरी चाळीस मिनिटे जातातच. परंतु बैठकीत ट्रान्सक्रिप्ट सुरू ठेवलेले असेल, तर व्हिडिओच्या शेजारी प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह दिसते, त्यात हवा तो शब्द शोधता येतो आणि त्या ओळीवर क्लिक केले की व्हिडिओ नेमका तेथे जातो. ‘रिलीज कधी आहे’ एवढेच हवे असलेल्या माणसाचे काम दोन मिनिटांत होते. ज्यांच्याकडे इंटरनेट बेताचे आहे, त्यांना व्हिडिओ न उघडता ट्रान्सक्रिप्टची वर्ड फाइल उतरवून वाचता येते, हा लाभ लहान नाही.

ट्रान्सक्रिप्टची अचूकता मात्र बोलण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहते. बैठकीची भाषा आधी निवडावी लागते, आणि पुण्यातील कार्यालयात बोलणे एकाच भाषेत कुठे चालते? वाक्य इंग्रजीत सुरू होते, मराठीत वळते आणि तांत्रिक शब्दावर परत इंग्रजीत येते. इंग्रजी निवडलेली असताना आलेला मराठी भाग जवळपासच्या इंग्रजी शब्दांत कोंबला जातो आणि वाचताना त्याचा अर्थ लागत नाही. असे मिश्र बोलणे आवाजावरून मजकूर करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला जडच जाते. त्यामुळे निर्णय झाला की तो शेवटी एका भाषेत, स्पष्ट शब्दांत, जबाबदार व्यक्तीचे नाव घेऊन पुन्हा सांगण्याची सवय लावून घेणे बरे. माना डोलावून दिलेली संमती तर ट्रान्सक्रिप्टमध्ये उमटत नाहीच, आणि रेकॉर्डिंगमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त जणांचे चेहरे येत नसल्याने ती तेथेही सापडेल याची खात्री नाही.

याहून गंभीर उणीव व्हाइटबोर्डची आहे. बैठकीतील व्हाइटबोर्ड, पडद्यावर केलेल्या खुणा आणि सामायिक टिपणे रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. आराखडे काढून चर्चा करणाऱ्या गटाच्या दृष्टीने बैठकीचा गाभाच गळतो आणि नंतर पाहणाऱ्याला ‘हा चौकोन इकडे घेऊ’ एवढेच ऐकू येते. व्हाइटबोर्ड ब्राउझरमध्ये उघडून ती खिडकी शेअर केली तर तो चित्रित होतो, पण ही युक्ती बैठकीपूर्वी आठवायला हवी.

मुदतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. संस्थेच्या ॲडमिनने वेगळे काही ठरवले नसेल, तर रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप रीसायकल बिनमध्ये जाते. फाइल ज्याच्या मालकीची आहे त्याला ही मुदत वाढवता येते, परंतु इतरांनी ती कितीही वेळा पाहिली तरी मुदत वाढत नाही. मुदत संपल्याचा ईमेलही मालकालाच जातो. तो माणूस रजेवर असला, तर बाकीच्यांना पत्ता लागत नाही. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते काढून टाकले गेले, तर त्याचे वनड्राइव्हही मूळ सेटिंगनुसार ३० दिवसांनंतर हटवले जाते. यावर चांगला उपाय टीम्समध्येच आहे, तो म्हणजे महत्त्वाची बैठक चॅनेलमध्ये, म्हणजे टीम्समधील गटाच्या सामायिक जागेत घेणे. तेव्हा रेकॉर्डिंग एका व्यक्तीकडे न राहता गटाच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे सामायिक फाइलसाठ्यात जाते. १२० दिवसांची अट तेथेही लागू असते, पण निदान फाइल कोणाच्या राजीनाम्याबरोबर जात नाही. वर्षानुवर्षे ठेवायचे असेल ते मात्र वेगळी प्रत करून ठेवावे, कारण प्रतीला मूळ फाइलची मुदत लागत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या टीम्स प्रीमियम या वाढीव परवान्यात कोण कधी बोलले याच्या खुणा आणि यंत्राने काढलेली टिपणे मिळतात. ज्यांना दिवसाला चार-पाच बैठका चुकतात अशा व्यवस्थापकांना त्याचा उपयोग होईल. आठवड्याच्या एका बैठकीसाठी तो खर्च मला पटत नाही.

संमतीच्या बाबतीत मूळ व्यवस्था केवळ सूचना देण्यापुरती आहे. सहभागी व्यक्तीने रेकॉर्डिंगला होकार दिल्याशिवाय तिला माइक किंवा कॅमेरा सुरू करता येऊ नये, असा पर्यायही उपलब्ध आहे आणि बाहेरचे ग्राहक असलेल्या बैठकांत तो वापरावा. कामगिरीचे मूल्यमापन, पगार आणि वाद यांच्या बैठका मुळीच रेकॉर्ड करू नयेत, कारण लाल ठिपका दिसला की माणसे मोजून-मापून बोलतात.

ज्या संस्थेकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चा कार्यालयीन परवाना आधीच आहे, तिने यासाठी दुसरे साधन शोधण्याची गरज नाही. केवळ रेकॉर्डिंगसाठी तो परवाना घेण्याचा विचार करणाऱ्या लहान गटाने मात्र झूमचे मोफत खाते आधी वापरून पाहावे. त्यात बैठक ४० मिनिटांची असते आणि ट्रान्सक्रिप्टची अपेक्षा धरता येत नाही, पण रेकॉर्डिंग थेट आपल्या संगणकावर उतरते आणि आपण काढून टाकेपर्यंत तेथे राहते.